सुदर्शनचं नाव लावायचं राहिलं

घोडेगावला कचेरीच्या बाहेर पत्र्याच्या शेडखाली माझं टेबल आहे. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, भाडेकरार, जे सांगाल ते लिहून देतो. लोक मला सावळेरामभाऊ म्हणतात आणि काम झालं की ओळख विसरतात. तीस वर्षांत भाऊ भावाला, पोरगा आईला, चुलता पुतण्याला कसा कापतो ते मी बघितलंय, आणि कागद दर वेळी माझ्याच टेबलावर तयार झालेला असतो. म्हणून मला सहसा कुणाचं वाईट वाटत नाही. सुदर्शनचं वाटतं. त्याचा रागही येतो, आणि त्याहून जास्त माझा येतो. ते का, ते सांगतो. आडनावं सांगणार नाही, माणसं अजून हयात आहेत.

सुदर्शन मूळचा आणे गावचा, जुन्नर तालुक्यातल्या पठारावरचा. तिघा भावांत धाकटा. घरची सगळी जिरायत, पाऊस आला तर बाजरी, नाही आला तर दुसऱ्याच्या बांधावर रोजंदारी. इकडे आंबेगावातल्या लोणीत कुंडलिकआबांना एकच मुलगी, अश्विनी. घर मोठं, गोठ्यात जनावरं, विहिरीला पाणी, आणि राबायला माणूस नाही. आबांनी घरजावई करायचं ठरवलं. घरजावई शोधताना लोक मुलगा गरीब घरचा बघतात, निर्व्यसनी बघतात आणि उलटून न बोलणारा बघतात. सुदर्शनकडे तिन्ही गुण होते. तिसरा जरा जास्तच होता.

नव्व्याण्णव साली आण्याला बैठक बसली, सुपारी फुटली आणि याद्या लिहिल्या. याद्या म्हणजे लग्न ठरताना दोन्हीकडची चार माणसं बसून देण्याघेण्याचा कागद करतात तो. त्या कागदात शेवटचं कलम असं होतं: ‘लग्नानंतर मुलगा लोणीस राहील. घरास मुलगी व जावई या उभयतांचे नाव लावणेत येईल.’ खाली कुंडलिकआबांची सही. हे कलम सुदर्शनच्या वडिलांनी घालून घेतलं होतं. पोराला दुसऱ्याच्या उंबऱ्यात पाठवताना त्या म्हाताऱ्यानं एवढीच एक गोष्ट मागितली.

तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सुदर्शन पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा लग्नाला तीन वर्षं झाली होती. अंगानं काटक, बोलणं हळू, बाकावर बसला तोही कडेला.

“भाऊ, हे कचेरीत चालंल का?”

“हे लग्नात चालतं,” मी म्हणालो. “कचेरीत बक्षीसपत्र लागतं. सासऱ्यानं यायचं, सही करायची, मग ग्रामपंचायतीत घराच्या उताऱ्यावर सासूसासऱ्याच्या खाली तुमची दोघांची नावं चढतात. एका दिवसाचं काम आहे.”

“मंग होईल,” तो म्हणाला. “मामा म्हनलेत, जरा थांबा.”

त्यानंतर तो वर्षातनं एकदोनदा यायचा. कधी खताच्या निमित्तानं, कधी आबांचं काही काम घेऊन. माझ्याकडे चहा घ्यायचा आणि दर वेळी विचारायचा, नियम काही बदलला का? नियम तोच होता. बदलत होती ती आबांची कारणं. अगदी सुरुवातीला म्हणाले होते, लग्नाला वरीस तर होऊ द्या. मग म्हणाले, नातू होऊ द्या. दोन हजार एकला स्वराज झाला. मग म्हणाले, पोराचं जावळ होऊ द्या. मग पितृपंधरवडा, त्यात शुभकाम करत नाहीत. मग मोतीबिंदू. आबांचं बोलणं मात्र फार गोड. जावयाला कधी अरेतुरे केलं नाही. “पावणं, गोठ्यातलं शेण काढा.” “पावणं, मोटर चालू करून या.” बाजूच्या घरातला गडी सुद्धा नावानं ओळखला जायचा, सुदर्शन आख्ख्या लोणीत पावणंच राहिला. जावई म्हणजे दहावा ग्रह असं आपल्याकडे म्हणतात. या घरात जावयालाच साडेसाती लागली होती.

सासू अंजनाबाई तर आबांच्या वर. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे घालतात, ताटाखाली काहीतरी ठेवतात, अनारसे देतात. गरिबातला गरीब माणूसही करतो. लोणीत सगळ्यांच्या घरी जावई आले तेव्हा शेजारच्या बाईनं अंजनाबाईंना विचारलं, तुमच्याकडं कधी? बाई ओसरीवरून म्हणाल्या, “आमच्या पावण्यांना कसला धोंडा? रोजच खात्यात की.” सुदर्शन तिथंच वैरणीचा भारा उतरवत होता. हे त्यानं मला हसत सांगितलं. मी म्हणालो, हसता काय? तर म्हणाला, “खोटं कुठं हाये त्यात?”

मला अशा माणसांचा संताप येतो. पण ऐकायला मात्र मी तयार असायचो.

दोन हजार आठला त्याचे वडील गेले. दशक्रिया झाल्यावर आबांनी त्याला समोर बसवलं आणि सांगितलं, “पावणं, दोन दगडांवर पाय नको. आधी आण्याचा हिस्सा सोडा. मंग इथं नाव लावाया मला कोन अडवतंय?” थोरला भाऊ संपत तर त्याची वाटच बघत होता. त्याचं म्हणणं, तुला सासऱ्याचा वाडाहुडा मिळतोय, आमच्या दगडधोंड्यात कशाला वाटा?

सुदर्शन मला विचारायला आला. मी त्याला स्पष्ट सांगितलं. हे मी केलं होतं, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवा. म्हणालो, “आधी लोणीचं होऊ द्या. ते नोंदलं की दुसऱ्या दिवशी आण्याचं सोडा. उलटं करू नका. हक्कसोड एकदा केलं की परत फिरत नाही.”

तो म्हणाला, “भाऊ, एका मानसाला दोन घरं कशाला? दोन ताटात जेवनारा मानूस बरा दिसतो का? मी मामांना शब्द दिलाय.”

आपल्या भागातल्या चांगल्या माणसांना हा रोग आहे. आपण शब्द पाळला की समोरच्यालाही लाज वाटेल, असं त्यांना वाटतं. सुदर्शननं जुन्नरला जाऊन हक्कसोड करून दिलं आणि संध्याकाळी आबांच्या हातात त्याची नक्कल ठेवली. आबांनी ती चष्मा लावून वाचली, कपाटात ठेवली आणि म्हणाले, “आता स्वराजची शाळा लागू द्या.”

लोणीच्या पारावर लोक म्हणायला लागले, तेलही गेलं, तूपही गेलं. सुदर्शननं तेही मला सांगितलं. मग त्यानं घराच्या मागं दोन खोल्या बांधल्या. गवंड्याच्या हाताखाली स्वतः राबला, माल कालवला, विटा वाहिल्या. अश्विनीला स्वैपाकघर अंधारं वाटत होतं म्हणून खिडकी मोठी ठेवली. घरपट्टी भरायलाही तोच जायचा. पावती आबांच्या नावची यायची आणि तो ती नीट घडी घालून आणून द्यायचा.

आता माझा भाग.

सोळा साली कुंडलिकआबा एकटेच माझ्याकडे आले. एसटीनं आले, सुदर्शनला न सांगता. बसले, पाणी प्याले, म्हणाले, “नाव लावायचंय घराला. लेकीचं आन् नातवाचं.”

“आणि जावयाचं?”

“मी कुनाचं म्हनलो?”

मी काय बोललो असेन? नातू किती वर्षांचा, ते विचारलं. पंधरा. मी धंद्याच्या सवयीनं सांगून टाकलं, “पोरगं अज्ञान आहे. त्याच्या वतीनं पालक लागतो आणि बाप जिवंत आहे तर पालक म्हणून बापाचं नाव घालावं लागतं.”

आबांनी मान हलवली. “म्हंजी पावण्यांचं नाव कागदात येनार?”

“येणार.”

“आन् पोरगं अठराचं झाल्यावर?”

“मग नाही लागत.”

“मंग थांबू,” आबा म्हणाले आणि उठले. जाता जाता मला म्हणाले, “ह्यातलं कुठं बोलू नका, भाऊ.” मी बोललो नाही. आमच्या धंद्यात गिऱ्हाईकाचं गुपित पाळावं लागतं, असं मी स्वतःला सांगितलं. त्याच महिन्यात सुदर्शन आला होता. चहा घेतला, नियम विचारला. मी म्हणालो, तोच आहे.

एकोणीस साली स्वराजचा अठरावा वाढदिवस झाला आणि पुढच्याच आठवड्यात आबांचा फोन आला, दस्त तयार करा. आधार कार्डाच्या झेरॉक्स मोहितच्या हाती पाठवल्या, तो त्यांच्या शेजारचा, माझ्या शेजारी झेरॉक्सचं दुकान चालवतो. आबांची, अंजनाबाईंची, अश्विनीची, स्वराजची. मी फोनवर परत विचारलं, “जावयाचं?” आबा म्हणाले, “ते येनारेत की. गाडी तेच चालवनार हायेत.”

मी दस्त टाइप केला. लिहून देणार कुंडलिक आणि अंजना. लिहून घेणार अश्विनी आणि स्वराज. काटछाट न करता, एकही चूक न करता.

सकाळी अकराला पिकअप शेडसमोर थांबली. आबा, अंजनाबाई, अश्विनी, स्वराज, आणि साक्षीला आबांचा चुलतभाऊ गेणभाऊ. सुदर्शन ड्रायव्हरच्या बाजूनं उतरला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नवी चप्पल, दाढी केलेली. सतरा वर्षांत मी त्याला असा बघितला नव्हता. इतरांच्या आधी तो माझ्या टेबलाशी आला आणि खिशातून पाकीट काढून पुढं ठेवलं. आत आधारची झेरॉक्स आणि पासपोर्ट साईजचे चार फोटो.

“दोनच लागत्यात का चार?” त्यानं विचारलं. “मी चार आनलेत.”

मी म्हणालो, “आता कचेरीत कॅमेऱ्यावर काढतात.” आणि पाकीट त्याच्याकडे सरकवलं. खरं तेवढंच बोलायला मला जमलं.

“असू द्या तुमच्याकडं,” तो म्हणाला.

गेणभाऊनं साक्षीदार म्हणून सही केली. मी म्हणालो, दुसरा साक्षीदार? साक्षीदार दोन लागतात हे आबांना चांगलं ठाऊक होतं. आणखी एक गोष्ट ठाऊक होती. मागं एका गिऱ्हाईकाला मी त्यांच्यासमोर सांगितलं होतं, की जो पुढं भांडेल असं वाटतं त्यालाच साक्षीदार करा, म्हणजे मला माहीत नव्हतं असं त्याला कधी म्हणता येत नाही. आबांनी ते बरोबर कानात ठेवलं होतं.

“पावणं,” आबा म्हणाले, “तुमी करा की सही.”

सुदर्शन हसला. त्याला वाटलं म्हाताऱ्याची समजुतीची चूक झाली. आबांना न दुखवता, हळू आवाजात त्यानं सांगितलं, “मामा, घेनाऱ्याला साक्षीदार व्हता येत न्हाई. नियम हाये तसा. सावळेरामभाऊंनीच सांगितलाय मला. का ओ भाऊ?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. साक्षीदार म्हणून माझी सही चालली असती, रोज चार ठिकाणी चालते. मोहितला हाक मारली असती तर तोही आला असता. मी दोन्ही केलं नाही. मी दस्त उचलून सुदर्शनच्या हातात दिला.

त्यानं वाचला. सावकाश, बोट फिरवत, पहिल्या पानापासून. लिहून घेणार, तिथं बोट थांबलं. पान उलटलं, मागं बघितलं, परत पुढं आला. कुठंतरी आपलं नाव असेल आणि आपल्याला दिसलं नसेल, असं त्याला वाटत असावं. मग त्यानं बायकोकडे बघितलं.

अश्विनीला माहीत होतं. तिच्या तोंडावरूनच ते कळलं. ती पदर सारखा करत म्हणाली, “माझं काय आन् तुमचं काय? आबांना भ्या वाटतं, तुमचं नाव लागलं तर उद्या आन्याचे भाऊ दारात येत्याल म्हनून.”

“तिकडचं मी सोडलंय की,” सुदर्शन म्हणाला. “आबांच्या कपाटात हाये तो कागद.”

“तेच तर,” अंजनाबाई मध्ये पडल्या. “ज्यानं सख्ख्या बापाचं घर सोडलं, त्यो आमचं धरून ठेवील कशावरनं?”

एवढं निर्दय वाक्य मी या शेडखाली ऐकलेलं नाही, आणि मी बरीच ऐकलीत. ज्यांच्या नवऱ्यानं सोडायला लावलं, त्याच बोलत होत्या. आबांनी बायकोला गप्प केलं नाही. ते घड्याळ बघत होते.

मी म्हणालो, “सुदर्शन, तुमचं नाव आहे तसं. स्वराजच्या नावात मधे तुमचंच नाव आहे ना.”

तो म्हणाला, “ते शाळंच्या दाखल्यावर पन हाये.”

स्वराज मोबाईलवरून मान वर करून म्हणाला, “पप्पा, करा ना लवकर. नंतर सर्व्हर बंद पडतो, परत उद्या यावं लागंल.”

पोराच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. ते पोर लहानपणापासून बापाला कामं सांगितलेलीच बघत आलं होतं, त्यातलंच हे एक. सुदर्शननं माझ्या टेबलावरचं पेन घेतलं आणि सही केली. अक्षर सुरेख आहे त्याचं. मग सगळे आत गेले, अंगठे झाले, फोटो झाले. साक्षीदाराचाही फोटो निघतो. इस्त्रीच्या शर्टात तो चांगला आला.

बाहेर आल्यावर आबांनी पेढे वाटले. पहिला पेढा जावयाला दिला. “घ्या, पावणं. आन् गाडी काढा, जनावरांच्या पान्याची वेळ झाली.” सुदर्शननं पेढा खाल्ला, गाडी काढली. मला वाटलं, हा आता निघून जाईल. वाटेत उतरेल, पुण्याला जाईल, कुठंही जाईल. आठव्या दिवशी तो माझ्याकडे आला, दस्ताची नक्कल ग्रामपंचायतीत द्यायची होती म्हणून. उताऱ्यावर नवी नावं चढवायचं काम आबांनी त्यालाच सांगितलं होतं.

मी चिडून म्हणालो, “तुम्ही का आलात? त्यांना पाठवायचं.”

“दुसरं कोन हाये घरात?” तो म्हणाला.

“अहो, सोडून का जात नाही?”

“कुठं?”

आण्याला संपतनं त्याच्या खोलीत कांदा भरून ठेवला होता, हे त्यानंच मागं सांगितलं होतं.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. आबा ऐंशीला टेकलेत, पण खुटखुटीत आहेत. गेल्या महिन्यात सुदर्शन परत आला. केस पिकलेत, गुडघा धरलाय, बाकावर अजून कडेलाच बसतो. स्वराजचं लग्न ठरलं होतं. मुलगी शिकलेली, संस्कृती नावाची. हल्ली मुलीकडच्यांचा शब्द चालतो. त्यांनी याद्यांत पहिलंच कलम घातलं, घराला नवराबायको दोघांचं नाव लागल्याशिवाय हळद लागणार नाही. आबा भर बैठकीत म्हणाले, लावू की, त्यात काय, आठ दिवसांत लावू. सुदर्शन तिथं पाहुण्यांना पाणी देत होता.

“काय काय कागद लागत्यात, भाऊ?” त्यानं विचारलं.

मी सांगितलं. मग माझ्या मनात आलं ते बोललो. इतकी वर्षं जे बोलायला हवं होतं ते त्या दिवशी बोललो. “सुदर्शन, याच दस्तात तुमचं नाव घालू. संस्कृतीच्या आधी. मी आबांशी बोलतो, नाही ऐकलं तर मी दस्तच लिहीत नाही. दुसरीकडे जाऊ दे त्यांना.”

तो घाबरला. खरोखर घाबरला, माझा हात धरला. “नको भाऊ, नको. आता नाव घातलं तर मुलीकडच्यांना कळंल का आजवर माझं नव्हतंच. म्हनत्याल, ज्या घरात बापाला जागा न्हाई, तिथं आपली पोर कशी द्यायची? सोयरीक मोडंल पोराची.”

“त्यांना उतारा दाखवला नाही का?”

“दाखवला. त्यांनी इचारलं बी. मामांनी सांगितलं, पावण्यांनी आपल्या मनानं पोराच्या नावावर सोडलं म्हनून. तर ते म्हनले, तसं असंल तर तेवढं लिहून द्या. त्यासाठनंच आलोय.” त्यानं खिशातून चिठ्ठी काढली. आबांनी मजकूर सांगून स्वराजच्या हातानं लिहवून घेतली होती. लोणी येथील राहत्या घरावरील माझा हक्क मी मुलासाठी सोडला आहे, आता माझा कसलाही हक्क नाही व पुढे सांगणार नाही, असं प्रतिज्ञापत्र. करून देणार सुदर्शन.

मी म्हणालो, मी हे लिहिणार नाही. तर तो म्हणाला, “मंग मोहितकडं टाइप करून घेतो. तुमचा राग न्हाई मला.” उठायला लागला, गुडघ्यावर हात ठेवून. मी म्हणालो, बसा.

टाइप केलं. छापून वाचून दाखवलं, तो लक्ष देऊन ऐकत होता. एका ठिकाणी त्यानं मला थांबवलं.

“तिथं ‘स्वखुशीने’ घाला, भाऊ. तेवढं राहिलंय. मुलीकडच्यांना बरं वाटंल.”

मी ते घातलं, पान परत छापलं, आणि त्यानं सही केली.